मग सुट्टीच्या दिवशी काय करतोस?

२००६ सालची गोष्ट. कंपनीनं 'तीन महिन्यांसाठी' म्हणून क्वालालंपूरला धाडलं आणि त्या तीन महिन्यांची पुढे दोन वर्षं झाली. (आमच्या धंद्यातल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. प्रोजेक्टची तारीख आणि आषाढातलं ऊन, दोन्हींवर भरवसा ठेवू नये.) सोमवार ते शुक्रवार ठीक चालायचं. ब्रिकफील्ड्समधल्या फ्लॅटवरून कंपनीची बस सकाळी उचलायची, सायबरजायाला नेऊन ओतायची आणि रात्री परत आणून टाकायची. पंचाईत व्हायची ती शनिवारी सकाळी. डोळे उघडायचे, पंखा फिरत असायचा, आणि पुढचे अठ्ठेचाळीस तास करायचं काय ते कळायचं नाही.

आई दर रविवारी फोनवर न चुकता विचारायची, "मग सुट्टीच्या दिवशी काय करतोस?"

"फिरतो की. बरंच आहे इथे बघायला."

साफ खोटं. पेट्रोनास टॉवर्स पहिल्याच आठवड्यात बघून झाले होते. बाटू केव्ह्जच्या पायऱ्या चढून मुरुगनचं दर्शन झालं होतं (तो एकशे चाळीस फुटी सोनेरी पुतळा त्याच वर्षी जानेवारीत उभा राहिला होता, अगदी कोरा करकरीत). त्यानंतर माझे शनिवार म्हणजे कपडे 'डोबी'कडे टाकणं, केळीच्या पानावरचा भात हाणणं आणि फुकटच्या एसीसाठी मॉलमधून हिंडणं. डोबी म्हणजे आपला धोबीच. मलय भाषेत लाँड्रीला हाच शब्द आहे. पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा इतका आनंद झाला होता, की गरज नसताना दोन शर्ट टाकून आलो.

अशाच एका रिकाम्या शनिवारी चालत चालत दातारान मर्डेकाला, म्हणजे स्वातंत्र्य चौकात पोचलो. हिरवंगार मैदान, एका बाजूला सुलतान अब्दुल समद इमारतीचे तांब्याचे घुमट आणि समोर पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडी पट्ट्या मारलेली एक बैठी, लांबलचक इमारत. इंग्लंडातलं एखादं खेडं उचलून आणल्यासारखी. पाटी होती 'रॉयल सेलांगोर क्लब'. दारातल्या वॉचमननं माझ्या चपलांकडे पाहिलं. मी पण माझ्या चपलांकडे पाहिलं आणि पुढे निघालो. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. सव्वाशे वर्षांपूर्वी इथे आलेले ते लोक शनिवारी काय करत असतील? त्यांना तर मॉलपण नव्हता.

त्या किड्यानं पुढचे बरेच शनिवार खाल्ले. त्यातूनच हे सगळं.

क्वालालंपूर या नावाचा अर्थच मुळी 'चिखलाचा संगम'. १८५७च्या सुमारास कथलाच्या खाणींसाठी चिनी मजूर इथे येऊन थडकले आणि वस्ती झाली. १८८० साली ब्रिटिश रेसिडेंटनं आपलं ठाणं क्लांगहून इथे हलवलं. बरोबर कारकून, पोलीस अधिकारी, सर्व्हेअर, इंजिनियर आले. आणि चारच वर्षांत, १८८४ला, क्लब निघाला. गावात धड सांडपाण्याची सोय नव्हती, पण क्लब होता! हसू येतं खरं, पण जरा विचार केला तर कळतं. पंचविशीचा पोरगा, घर बोटीनं कित्येक आठवड्यांच्या अंतरावर, संध्याकाळी सहाला अंधार पडायला लागतो, आणि मोठ्या कंपन्यांत पहिल्या कराराच्या काळात लग्न करायची परवानगीच मिळायची नाही. त्या पोरानं जायचं कुठे?

जायचं क्लबात, आणि प्यायचं 'स्तेंगा'. मलय भाषेत 'सतंगाह' म्हणजे अर्धा; अर्धी व्हिस्की, अर्धा सोडा. पैसे लगेच द्यायचे नाहीत, नुसती 'चिट'वर सही करायची आणि महिन्याच्या शेवटी एकदम हिशेब. हा 'चिट' म्हणजे आपली चिठ्ठी हो! हिंदुस्थानात इंग्रजांनी उचलला आणि बोटीत घालून मलायात आणला. चिठ्ठ्यांच्या नादानं कर्जबाजारी झालेल्या मळेवाल्यांच्या गोष्टी त्या काळच्या आठवणींत जागोजाग सापडतात. क्रेडिट कार्डाचा शोध फार नंतरचा, रोग जुनाच.

सेलांगोर क्लबचं टोपणनाव 'स्पॉटेड डॉग', ठिपकेवालं कुत्रं. एक गोष्ट सांगतात, की एका संस्थापकाच्या बायकोची दोन डाल्मेशियन कुत्री दाराशी बसून असायची. दुसरी गोष्ट जरा बोचरी आहे, की क्लबात गोऱ्यांबरोबर थोडे काळे-पिवळेही सभासद होते म्हणून तो 'ठिपक्याठिपक्यांचा'. मला दुसरी जास्त खरी वाटते. इथे अट वंशापेक्षा ऐपतीची आणि हुद्द्याची होती. थंबूसामी पिल्ले, ज्यांनी बाटू केव्ह्जचं देऊळ वसवलं, त्यांच्यासारखा एखादा धनाढ्य तमिळ गृहस्थ आत जाऊ शकायचा. तेही ज्यांना खुपलं त्यांनी १८९०मध्ये लेक क्लब काढला. फक्त युरोपियनांसाठी.

बाकीच्यांनी आपापली सोय बघितली. तमिळ मंडळींची व्यायाम आणि खेळांची संस्था १९१४ साली उभी राहिली. चिनी लोकांनी १९२१मध्ये चिन वू अ‍ॅथलेटिक असोसिएशन काढली. तिचं टेकडीवरचं स्टेडियम १९५३चं. शहर एकच, फावल्या वेळाचे कप्पे मात्र वेगवेगळे, कोकणातल्या वाड्यांसारखे.

कंटाळा माणसाला कुठवर नेतो याचा कळस म्हणजे १९११चं प्राउडलॉक प्रकरण. व्हिक्टोरिया इन्स्टिट्यूशन या शाळेच्या हंगामी मुख्याध्यापकाच्या बायकोनं, एथेल प्राउडलॉकनं, एप्रिलमधल्या एका रविवारी रात्री आपल्या व्हरांड्यात एका खाण व्यवस्थापकाला गोळ्या घातल्या. तिचं म्हणणं, त्यानं हात टाकला म्हणून. कोर्टानं फाशी सुनावली, पुढे सेलांगोरच्या सुलतानानं माफी दिली. दहा वर्षांनी सॉमरसेट मॉम मलायात फिरायला आला, ही हकीकत त्याच्या कानावर पडली आणि त्याची 'द लेटर' ही कथा झाली. मॉमला मळेवाल्यांनी आधी घरी जेवू घातलं आणि पुस्तक छापून आल्यावर शिव्या घातल्या. त्यांच्या रिकाम्या संध्याकाळी त्यानं जगाच्या वेशीवर टांगल्या होत्या ना!

असो. मला खरं सांगायचंय ते १९३८बद्दल.

सेलांगोर क्लबाशी जोडलेल्या चेंबर्समध्ये काही अविवाहित ब्रिटिश तरुण राहायचे. तिथली खानावळ इतकी रटाळ होती, की तिला 'हॅश हाउस' नाव पडलं. हॅश म्हणजे उरलंसुरलं मांस नि बटाटे बारीक चिरून परतायचे, आपल्या फोडणीच्या पोळीचा साहेबी चुलतभाऊ. (आपल्याला हॅश म्हटलं की हॅश टेबल आठवतं. त्याचंही मूळ तेच, कापून-चिरून एकत्र करणं!) या टोळक्यात आल्बर्ट गिस्पर्ट नावाचा एक हिशेबनीस होता. आईबाप स्पॅनिश, जन्म लंडनचा, मित्र त्याला नुसतं 'जी' म्हणायचे. मलाक्यात त्यानं कागदाचे तुकडे टाकत पळायचा खेळ पाहिला होता. तो त्यानं इथे सुरू केला आणि खानावळीवरून त्याला नाव दिलं, हॅश हाउस हॅरिअर्स. गिस्पर्ट काही धावपटू वगैरे नव्हता. पळणं हे निमित्त, पळून झाल्यावरची बिअर हा मुद्दा.

खेळ असा. एकजण 'ससा' होतो, आधी जाऊन रबराच्या मळ्यातून, ओढ्यातून, गवतातून कागदाच्या कपट्यांचा माग टाकतो. बाकीचे शिकारी कुत्रे. माग मधेच तुटतो. मग सगळ्यांनी चहूबाजूंना पांगून शोधायचा, सापडला की ओरडायचं, 'ऑन ऑन!' ससा मुद्दाम खोटे माग टाकून ठेवतो. पुढे पळणारा उत्साही प्राणी त्यात फसतो, तोवर मागचे धापा टाकणारे त्याला गाठतात. म्हणजे पहिला येण्याला काही अर्थच उरत नाही. मला तर हे डिझाइन वाचून टाळी वाजवावीशी वाटली. समांतर शोध, वर वेगवान आणि हळू यंत्रांवरचा बोजा आपोआप सारखा! १९५०मध्ये संस्थेची सरकारदरबारी नोंदणी झाली, तिच्यात उद्देश लिहिलेत ते थोडक्यात असे: तब्येत राखणं, शनिवार-रविवारची चढलेली उतरवणं, चांगली तहान लावून ती बिअरनं भागवणं, आणि वय झालेल्यांना ते तितके म्हातारे नाहीत हे पटवणं. इतके प्रामाणिक उद्देश मी दुसऱ्या कुठल्याच संस्थेचे वाचलेले नाहीत. आपल्याकडच्या मंडळांच्या घटना आठवून पाहा.

१९४१ साली त्यांची शंभरावी धाव झाली. इथवर वाचलं तेव्हा मी गिस्पर्टच्या प्रेमात होतो. आपल्यासारखाच नोकरीपायी आलेला, सुट्टीला कंटाळलेला, आणि कंटाळ्यातून काहीतरी गमतीचं उभं करणारा माणूस. मग त्याच १९४१ची दुसरी एक गोष्ट हाताला लागली.

क्वालालंपूरपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर क्लांग. तिथल्या रबराच्या मळ्यांतले तमिळ मजूर त्या वर्षी संपावर गेले. त्यांच्या मागण्या मी दोनदा वाचल्या. चिनी मजुरांइतकी मजुरी, मुलांना शाळा, औषधपाणी, हे ओळखीचं होतं. पण त्यांत आणखी दोन होत्या. एक, मळ्यांवरची ताडीची दुकानं बंद करा. दोन, गोरा साहेब दिसला की सायकलवरून खाली उतरायची सक्ती थांबवा.

जरा थांबून बघा. या दोन्ही मागण्या कामाच्या तासांबद्दल नाहीत. त्या सुट्टीबद्दल आहेत! मजुराच्या फावल्या वेळाची सोय मालकानं एकच करून ठेवलेली, ताडीचं दुकान. मजुरीतला पैसा संध्याकाळी तिथेच परत. आणि रविवारी सायकल काढून गावात जावं म्हटलं, तर साहेब दिसला की उतरा. रबराच्या त्याच झाडांमधून एकीकडे साहेब मंडळी मजेत 'ऑन ऑन' ओरडत पळतायत, आणि दुसरीकडे माणसं म्हणतायत, आम्हाला आमच्या सायकलवर बसून राहू द्या. संप मोडायला फौज आणली, त्यात हिंदुस्थानी शिपाईही होते. गोळीबारात मजूर मेले. त्यांचा पुढारी आर. एच. नाथन याला पकडून हिंदुस्थानात हद्दपार केलं. हे सगळं मे १९४१पर्यंत उरकलंसुद्धा.

गिस्पर्टनं हे पेपरात वाचलं असणारच. वाचून त्याला काय वाटलं, कोण जाणे. तो वाईट माणूस होता असं मला म्हणायचं नाही. हिशेबनीस होता, सोमवारी पळायचा.

८ डिसेंबर १९४१ला जपानी सैन्य मलायाच्या किनाऱ्याला लागलं. ११ जानेवारीला ते क्वालालंपुरात होतं, चौतीस-पस्तीस दिवसांत. स्वयंसेवक दलात असलेला गिस्पर्ट लढत लढत सिंगापूरला पोचला आणि ११ फेब्रुवारी १९४२ला तिथे मारला गेला. वय अडतीस. चारच दिवसांनी सिंगापूर पडलं. त्याचे काही साथीदार तुरुंगछावण्यांत गेले. आणि मळ्यांतले तमिळ मजूर हजारोंनी सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर नेले गेले. त्यांतले किती परत आले याचा धड हिशेब कुणी ठेवला नाही. युद्धकैद्यांची निदान नावं तरी लिहिली गेली.

युद्धानंतर, १९४६मध्ये, हॅश पुन्हा सुरू झाला. टॉर्च बेनेट नावाच्या जुन्या सभासदानं सरकारकडे रीतसर नुकसानभरपाई मागितली: एक पत्र्याचा टब, दोन डझन मग आणि दोन जुन्या पिशव्या. ही यादी वाचून मी फ्लॅटमध्ये एकटाच मोठ्यानं हसलो होतो. आणि मग एकदम गप्प झालो. ज्यानं खेळ काढला तो मेला, आणि संस्थेची सगळी इस्टेट काय, तर एक टब!

पुढे १९४८ ते १९६० कम्युनिस्टांविरुद्धची 'इमर्जन्सी' चालली. मळे-जंगलं धोक्याची, रात्री संचारबंदी, सुमारे पाच लाख माणसं तारेच्या कुंपणातल्या 'नव्या खेड्यांत' हलवलेली. हॅशवाले तरी पळतच राहिले. एकदा माग शोधता शोधता ते थेट जंगलातल्या बंडखोरांवरच जाऊन आदळले, असा किस्सा त्यांच्यात अजून रंगवून सांगतात. १९५७च्या ऑगस्टमधल्या शेवटच्या मध्यरात्री क्लबासमोरच्या त्याच मैदानावर युनियन जॅक उतरला. साहेब हळूहळू घरी गेले. खेळ मात्र राहिला. १९६२ला सिंगापूर, मग ब्रुनेई, आणि आज जगभर दोन हजारांच्या आसपास गट आहेत. क्वालालंपूरच्या मूळ गटात तर आता बहुतेक मलेशियनच.

हे ऑफिसात बोलत होतो तर आमच्या टेस्टिंग टीममधला पन्नाशीचा एक चिनी मलेशियन सहकारी म्हणाला, "अरे, मी वीस वर्षं पळतोय. सोमवारी चल." त्याच्या गटाबरोबर गेलो. पामतेलाचा मळा, नुकताच पाऊस पडून गेलेला, गुडघाभर चिखल. चिखलाच्या संगमावरच आलो होतो, तक्रार कुणाकडे करणार? माझे नवे कोरे बूट पहिल्या ओढ्यातच गेले. पिंडरीला जळवा. नवखा म्हणून शेवटी मला बर्फाच्या लादीवर बसवून बिअर पाजली आणि भोवती अचकट-विचकट गाणी म्हटली. माझ्या डावीकडे चिनी वकील, उजवीकडे तमिळ दातांचा डॉक्टर, समोर एक स्कॉटिश म्हातारा. आल्यापासून प्रथमच मला शहरात कुणीतरी नावानं हाक मारत होतं.

पण त्याआधी, पळताना, एक झालं होतं. माग तुटला आणि आम्ही चौघं-पाचजण शोधत शोधत मळ्यातल्या 'लाइन'मध्ये, म्हणजे मजुरांच्या जुन्या चाळीत शिरलो. पत्र्याची घरं, दारात रांगोळी, तुळशीसारखं काहीतरी. सत्तरीची एक आजी पायरीवर बसली होती. तिनं आम्हाला बघून काहीतरी विचारलं. दातांच्या डॉक्टरनं मला अर्थ सांगितला, "विचारतेय, कुणाला शोधताय?"

त्यानं तमिळमध्ये सांगितलं, कुणाला नाही पाटी, खेळतोय. (पाटी म्हणजे आजी.) ती हसली. मग आणखी काही म्हणाली. तो जरा वेळानं म्हणाला, "म्हणतेय, माझ्या लहानपणी असे पळत, ओरडत लोक आले की आम्ही दारं लावून घ्यायचो."

तेवढ्यात लांबून 'ऑन ऑन' आलं आणि आम्ही पळालो.

तिची नजर आधी माझ्यावरच थांबली होती, तिच्या नातवाच्या रंगाचा होतो म्हणून असेल. मी कोण होतो तिथे? कंपनीच्या कागदांवर 'एक्स्पॅट'. पण आमच्या ब्रिकफील्ड्सच्या फ्लॅटमध्ये जुन्या मुलांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पासपोर्ट खिशात ठेव. कारण २००३च्या मार्चमध्ये पोलिसांनी याच भागातल्या एका इमारतीवर छापा घालून अडीचशेहून जास्त भारतीय आयटीवाल्यांना पकडून नेलं होतं, व्हिसा वैध असतानाही. वार कोणता होता? रविवार! दिल्लीनं निषेध केला, इकडून दिलगिरी आली, प्रकरण मिटलं. पण तेव्हापासून दुकानात दूध आणायला जातानासुद्धा पोरं खिसा चाचपायची. मीही चाचपायचो. त्या सोमवारी पळतानासुद्धा पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला बांधला होता. स्कॉटिश म्हाताऱ्यानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, काही नाही, पाकीट.

त्या रविवारी आईचा फोन आला. नेहमीचा प्रश्न. या वेळी मी खरं सांगितलं. मळा, कागदाचे कपटे, जळवा, बर्फाची लादी, सगळं. फक्त बिअरच्या जागी लिंबू सरबत म्हटलं.

"म्हणजे कागद टाकायचे आणि परत तेच शोधत चिखलातून पळायचं?"

"हो."

"आणि याचे पैसे कोण देतं?"

"आपणच. वर्गणी असते."

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "बूट धुऊन वाळत घाल. वास मारतील."